तीन नंबरचा चार्ज

आमच्या गहिनीनाथ काकांना ‘कसं काय’ विचारलं तर ते म्हणतात, "बरंय." संपलं. पण मशीन कशी आहे विचारलं, तर आधी घसा साफ करतात.

राहुरीजवळ ठिबकच्या नळ्या बनवणारा कारखाना आहे. तिथं तीन नंबरच्या मशीनवर काकांना एकोणीस वर्षं झाली आणि तिचे सगळे आवाज त्यांच्या तोंडात बसलेत. ‘घूंऽऽ’ म्हणजे बाई मजेत आहे. ‘फुस्स-फुस्स’ म्हणजे प्लास्टिकचा दाणा ओला आलाय. आणि ‘खुर्र-टक’ म्हणजे आतलं बेअरिंग कोरडं पडलंय, ग्रीस मारा, नाहीतर दोन तासांत मशीन जाम. मला ‘खुर्र’ जमतं. ‘टक’ला अजून जीभ घसरते.

शिफ्ट बदलताना चार्ज तोंडी द्यायची तिथली पद्धत. दुपारी तीनला काका हात पुसत उभे, समोरून दुसऱ्या शिफ्टचा बन्सी यायचा, आणि दोघं दहा मिनिटं घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत सांगावी तसं मशीनबद्दल बोलायचे. खोकली कधी, रुसली कधी, कशानं शांत झाली. आवाज काका काढून दाखवायचे, म्हणून बन्सीनं स्वतः कधी मशीनला कान लावला नव्हता.

दिवाळीनंतर पुण्याच्या कंपनीनं कारखाना घेतला आणि यज्ञेश्वर साहेब आले. साहेब वाक्याचं दार ‘बेसिकली’नं उघडतात आणि ‘राइट?’नं कडी लावतात. पहिल्याच मीटिंगला म्हणाले, "बेसिकली, आपल्या सगळ्यांना बदलायचंय, राइट?"

मागच्या रांगेत बन्सीनं काकांना कोपर मारलं. "बदली म्हनत्यात. कुटं, जामखेडला का काय?"

बदली नव्हती, पण नवा नियम होता. सोमवारपासून तोंडी चार्ज बंद. ती दहा मिनिटं वाया जातात, म्हणून पहिल्या शिफ्टची बस बरोबर तीनला सुटणार. सगळं टॅबवर लिहायचं: मशीनची स्थिती सामान्य की असामान्य, आणि खाली शेऱ्याला एक चौकोन. ज्याला महिनाभरात जमणार नाही, तो यार्डात नळ्यांची भेंडोळी उचलायला. काकांचं वय त्रेपन्न. भेंडोळ्यांची त्यांना भीती नव्हती. पण यार्ड इतकं लांब, की तीन नंबरचा आवाज तिथं पोचत नाही. दोन दिवस ते नीट जेवलेसुद्धा नाहीत.

त्यांचं बोट एवढं जाड, की एकदा टेकवलं की तीन अक्षरं उमटतात. हे नवं काम शिकवायला मधुवंती नावाची तरुण इंजिनीअर नेमली होती. तिनं त्यांना माइकचं बटण दाखवलं. "काका, तुम्ही नुसतं बोला. लिहायचं काम त्याचं."

"मराठी येती का त्याला?"

"येते की."

"आन् मशिनीची?"

मधुवंती हसली. तिला वाटलं, काका गंमत करतायत.

महिना भरत आला होता, तेव्हा एका गुरुवारी तीनच्या ठोक्याला मशीननं ‘खुर्र-टक’ केलं. काकांनी टॅब तोंडाजवळ धरला, म्हणाले, "तीन नंबर. खुर्र-टक," पाठवायचं बटण दाबलं आणि बस गाठली. टॅबनं लिहिलं: ‘तीन नंबर खुर्ची टाक.’

बन्सीनं ते दोनदा वाचलं. मग ऑफिसातली सगळ्यात चांगली खुर्ची आणली, पुसली, तीन नंबरशेजारी मांडली आणि पंखाही तिकडे वळवला. पाच वाजता मशीन जाम झाली.

शुक्रवारी सकाळी दोघांनाही केबिनमध्ये बोलावणं आलं. बन्सी सुट्टीच्या वेळी आला होता, त्यामुळे आधीच फुगलेला.

"बेसिकली, गहिनीनाथ, तुम्ही लिहिलंत काय?"

"आवाज ल्हिला, साहेब."

"इथं खुर्ची लिहिलीय."

"मी खुर्र म्हन्लो. खुर्ची ह्यानं केली." काकांनी टॅबकडे असं बोट केलं, जसं वर्गात पोरं एकमेकांकडे करतात.

"आणि बन्सी, तुला काय वाटलं?"

"तुमी बसायला येनार आसं वाटलं."

"मी कधी मशीनजवळ येऊन बसलोय?"

"न्हाई ना. म्हनून तर चांगली आनली."

साहेबांनी डोळे मिटले. "गहिनीनाथ, सॉरी. सोमवारपासून यार्ड."

मधुवंती दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सर, एक मिनिट. काका, तो आवाज परत काढा. जसा काल काढलात तसा."

काकांनी घसा साफ केला. "खुर्रऽ-टक. खुर्रऽ-टक."

बाहेर काहीतरी आदळलं. फिटर कल्याण हातात ग्रीसचा डबा घेऊन पळत आत शिरला. "कुनाचं बेअरिंग गेलं?" म्हणाला, आणि केबिनमध्ये मशीनच नाही बघून गोंधळला.

"सर," मधुवंती म्हणाली, "काका बदलायला तयारच होते, ते रोज टॅबवर बोलत होते. ती दहा मिनिटं काढताना त्यांत काय बोललं जातं, हे आपण कुणालाच विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

साहेबांनी कल्याणच्या डब्याकडे बघितलं. मग काकांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" ह्या वेळी वाक्याला ना दार, ना कडी.

"टॅब ऱ्हाऊ द्या. कोनी काय सांगितलं त्ये नंतर बघाया मिळतं, त्ये लई झ्याक हाय. पन दहा मिन्टंबी ऱ्हाऊ द्या. आन् टॅबात आमचे शब्द घाला."

दुपारभर मधुवंतीनं काकांचे अकरा आवाज रेकॉर्ड केले. फॉर्ममधलं सामान्य-असामान्य गेलं आणि अकरा बटणं आली: रुसली, ठसकली, घुमतीय. बटण दाबलं की काकांचा आवाज येतो. बस तीन दहाला सुटू लागली. यार्डाचं नाव पुन्हा निघालं नाही.

वर एक अट पडली: फॉर्मवर सही करणाऱ्या प्रत्येकाला अकराही आवाज ओळखता आणि काढता आले पाहिजेत. परीक्षक गहिनीनाथ काका. बन्सी दुसऱ्या खेपेला पास झाला. सही साहेबांचीही असते, म्हणून तेही आले, टाय खांद्यावर टाकून उभे राहिले आणि गाल फुगवून मन लावून आवाज काढला.

काकांनी कान दिला. "ही चार नंबर झाली, साहेब. उद्या या." तेवढ्यात मशीनवर नळीचं भेंडोळं भरत आलं, तसे ते तीन नंबरकडे वळले.