आत्याला भूक नाही

आत्यांच्या इस्त्रीच्या दुकानात तावातावाने शिरलेला माणूस बाहेर येताना हमखास खजील दिसे. कॉलर जळाली म्हणून कुणी आरडाओरडा सुरू केला, की आत्या इस्त्री उभी करून ठेवत, हात जोडून ऐकत, आणि त्याचं संपलं की पाण्याचा पेला पुढे करत. एकदा एक गृहस्थ स्वतःच्याच जळक्या सदऱ्याबद्दल आत्यांची माफी मागून गेला होता. गल्लीत त्यांना चालतीबोलती अहिंसा म्हणत. बोलती फारशी नव्हती, पण असो.

दुकानामागच्या दोन खोल्यांत आत्या, त्यांचा विधुर भाऊ आणि त्याची मुलगी राहत. घरातही आत्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. गरजच पडत नसे. मनाविरुद्ध काही घडलं, की त्या ताट बाजूला सारून म्हणत, "मला भूक नाही." एवढ्यावर भावाची तंबाखू सुटली होती, आणि त्याची मोटारसायकल घ्यायची राहून गेली होती.

भाची लहानपणापासून आत्यांच्या हाताखाली तयार झालेली. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात नोकरी लागली. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

"जा की," आत्या म्हणाल्या. "मी कुठे अडवलंय?"

आणि ताट सरकलं.

शनिवारपर्यंत आत्या पाण्यावर होत्या, आणि इस्त्री मारताना टेबलाला धरून उभ्या राहत होत्या. भाऊ मुलीला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "नाही म्हणून टाक, बाई. तिचं काही बरंवाईट झालं तर?" मुलीने नकार कळवायला फोन हातात घेतला. मग तो खाली ठेवला आणि ती दुकानात गेली.

"आत्या, तू मला एक थोबाडीत दिली असतीस ना, तर बरं झालं असतं. गाल चोळत गेले असते."

"मी आजवर मुंगीसुद्धा मारली नाही."

"मुंगीला कधी नोकरी लागली नव्हती!"

आत्यांनी पुढचा सदरा टेबलावर पसरला.

"बघ, परत गप्प! गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा तू त्याचं सगळं ऐकून घेतेस. माझं एक वाक्य ऐकलंस? तुझं म्हणणं मला पटावं असं वाटतंय तुला, की मी नुसती घाबरावी असं?"

हा प्रश्न आत्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. उपाशी माणसाशी वाद घालणं सभ्य लोक टाळतात. जुलूम करायला हात उचलावाच लागतो असं नाही, ही गोष्ट आत्यांच्या कानावर बहुधा पहिल्यांदाच आली असावी. त्यांनी इस्त्री उभी केली, तोंड उघडलं आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या. सवय नसल्यामुळे सुरुवातीला आवाज नुसताच फाटला, शब्द मागाहून आले.

"नाही पटत मला! तिथल्या यंत्रांना कॉलर कळते का? आणि तू गेल्यावर मी दिवसभर त्या भिंतीशी बोलू?"

भावाने या घरात बहिणीची किंकाळी कधी ऐकलीच नव्हती. दुकानाला आग लागली असं समजून तो भरलेली बादली घेऊन धावत आला, आणि दोघी काय करताहेत हे कळेपर्यंत अर्धी बादली गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर गेली होती.

"अगं, भांडताय काय?"

"हो!" दोघी एकदम म्हणाल्या.

"मग हे आधीच का नाही सांगितलंस?" भाची ओरडली. "एकटी पडशील म्हणून?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस!"

"आणि उपाशी राहून काय, मला निरोप देत होतीस?"

 आत्या भिजलेल्या ढिगाशेजारी मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "काही खायला आहे का? ओरडायला फार ताकद लागते."

भाची सोमवारी होकार कळवून गेली. आत्यांचं मत मात्र बदललेलं नाही. रोज संध्याकाळी त्या फोनवर ते मोठ्या आवाजात मांडतात, आणि पलीकडून तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर येतं. गल्लीतल्या लोकांना वाटतं, आत्या बिघडल्या. भाऊ मात्र हल्ली मोटारसायकलींच्या किमती उघडपणे विचारत फिरतो.