अण्णांची जीप

“माझी जीप कुणी अडवली होती?”

नव्या चेअरमनांच्या, म्हणजे अण्णांच्या गळ्यातला हार अजून उतरला नव्हता. हार मीच घातला होता. खरं तर तो जुन्या चेअरमनांसाठी आणला होता. मतमोजणीनंतर फक्त गळा बदलला.

भूकंपानंतरच्या वर्षांत मी निलंग्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर होतो. खाकी ड्रेस, शिट्टी, हाताखाली चौदा वॉचमन. अशा कारखान्यात ऊस देणारे सभासद संचालक निवडतात आणि संचालक चेअरमन. म्हणजे माझा साहेब मतपेटीतून निघायचा. मी परमनंट, वॉचमन मात्र हंगामी. गाळप संपलं की घरी. पुढच्या गाळपाला कुणाला बोलवायचं ती यादी मी करायचो, सही चेअरमनची.

प्रचाराच्या दिवसांत अण्णा जीप घेऊन गेटवर आले. तेव्हा ते विरोधी पॅनेलचे. जुन्या चेअरमनांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. मीच शहाणा. त्यांना खूश करायला गेटवरच्या गुंडाप्पाला म्हणालो, “जीप आत सोडू नको. चालत जाऊ दे.”

“साहेब, बाकीच्यांच्या जातेत की.”

“नियम आहे.”

असा नियम नव्हता. गुंडाप्पाने अण्णांना अदबीने उतरवलं, गेट रजिस्टरमध्ये त्यांची सही घेतली, खाली स्वतःची केली. सभासदांच्या देखत अण्णा भर उन्हात चालत गेले. मी खिडकीतून पाहिलं आणि स्वतःच्या हुशारीवर चहा मागवला. त्या चालण्यानेच अण्णांना मतं पडली, असं लोक नंतर म्हणाले.

तर आता अण्णा विचारत होते. मी रजिस्टर पुढे केलं. “गेटवर गुंडाप्पा होता, साहेब.”

“तुम्ही सांगितलं हुतं का त्याला?”

मुलगी दहावीला होती. लातूरचा क्लास, तिथली रूम, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“नाही साहेब. तो जरा आगाऊच आहे.”

“मग नको आपल्याला त्यो.”

बॉयलर पेटायच्या आदल्या आठवड्यात गुंडाप्पा आला. भूकंपात त्याचं घर गेलं होतं. बायको-पोरं पत्र्याच्या शेडमध्ये.

“साहेब, माझं नाव ऱ्हायलं वाटतं यादीत.”

“वरूनच कापलं रे.”

“तुम्ही सांगा की अण्णाला, हुकूम तुमचा हुता म्हणून. तुमचं काय व्हतंय? परमनंट हाव तुम्ही.”

खरं होतं. मला फार तर दुसऱ्या खात्यात बसवलं असतं. मी “बघतो” म्हणालो. मग कुठेच बघितलं नाही.

बाकीच्या तेरा जणांनी मात्र बघितलं होतं. माझा प्रत्येक हुकूम ते रजिस्टरवर लिहून मागू लागले. एकदा कँटीनमधलं कुत्रं हाकला म्हणालो, तर त्यांच्यातला जमादार पेन घेऊन समोर उभा. “साहेब, तेवढी सही करा.” केली. कुत्रं तोवर जेवून गेलं होतं.

पुढच्या जूनमध्ये मुलीला लातूरला क्लासला घेऊन गेलो. गेटवर पालकांची जत्रा. स्कूटर आत घालणार, तोच निळ्या ड्रेसमधल्या वॉचमनने हात आडवा केला. गुंडाप्पा.

“गाडी भाईर. चालत जावा.”

“अरे, मी...”

“वळखलं की, साहेब. इथं सही करा.”

त्याच्यामागे भिंतीवर पाटी होती : पालकांची वाहने बाहेर. इथे खरोखरच नियम होता. मी सही केली. मुलीचं लक्ष नव्हतं, म्हणून हळूच म्हणालो, “गुंडाप्पा, त्या वेळी अण्णांना मी सांगायला पाहिजे होतं.”

“आता सांगून काय करता? अण्णाला माझं नावबी आठवत नसंल,” तो म्हणाला. “सरका जरा, मागं लाईन लागलीय.”

पुढे अण्णाही पडले. तिसरे चेअरमन आले, त्यांनाही हार मीच घातला. निवडणुकीत गरिबाची नोकरी जाते, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे. त्या निवडणुकीत मला मत नव्हतं. तरी एक माणूस घरी बसला, तो माझ्यामुळे.