खिडकीजवळची खुर्ची

मलकपेठच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या सिस्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. बीपी मोजण्याआधी ती प्रत्येकाला रांगेतून उठवून खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प बसवायची. आईचं बीपी सारखं वाढलेलं यायचं, आता डॉक्टर गोळी वाढवणार होते. मी घाई करू लागलो.

"पहले अम्मा कू चुप बैठने देव," ती शांतपणे म्हणाली. "बड़े डॉक्टरां परख के दिल्ली से कायदा भेजे, नापने से पहले पाँच मिनट चुप बैठना बोलके. कुर्सी मैं लगाई."

मी आईशी बोलायला गेलो, तर सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं. पाच मिनिटांनी तिने आईच्या दंडाला सावकाश पट्टा बांधला. बीपी ठीक निघालं, गोळी वाढली नाही.

परतताना ऑटोत आई म्हणाली, "घरात मला असं कोण बसू देतं रे?"