तुळशीरामचे दहापैकी दहा

करंजाड्यात तुळशीरामसारखा खमक्या माणूस शोधून सापडणार नाही. मोर्चात पोलिसांनी उचलून गाडीत कोंबला, तर आत बसूनही घोषणा देत राहिला. पण फोनवर कोणी मुलगी गोड बोलली, की या वाघाची लगेच शेळी होते.

त्याचा छोटा टेम्पो पहाटे उरणच्या बंदरावरून मासळी आणतो आणि बायको मालू ती पनवेलच्या बाजारात विकते. प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर कंपनीच्या शोरूममधून कोमल नावाच्या मुलीचा फोन यायचा. "काका, आम्हाला दहापैकी किती गुण द्याल?" तुळशीराम न चुकता दहा द्यायचा. पाहुण्याने यजमानाला कालवण खारट झालंय म्हणून सांगायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

वॉरंटी संपायला महिना होता तेव्हा तिसऱ्या गिअरला टेम्पो कण्हायला लागला. संपून एकोणीस दिवस झाले आणि गिअरबॉक्स बसला. यंत्रांना तारखा इतक्या अचूक कळतात, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

माझा जन्म कचेरीत अर्ज वाचण्यात गेला. म्हणून तुळशीराम खांदा कॉलनीत माझ्या घरी आला आणि अर्ज मीच लिहिला. सगळी सर्व्हिसिंग तुमच्याकडेच केली, बिलं सोबत जोडली आहेत, वॉरंटी नुकतीच संपली आहे, तरी खर्च कंपनीने उचलावा. तिकडे मालूला टोपल्यांसकट रिक्षा मिळेना. मासळीचा वास आला की रिक्षावाले मान फिरवत. ती उशिरा पोचायची, तोवर रोजची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळलेली असायची. आठवड्याभरात तिच्या जागेवर दुसरी बाई पाटी मांडायला लागली.

शेवटी आम्ही दोघे शोरूममध्ये गेलो. तिथला मॅनेजर निनाद फारच सभ्य. पाणी दिलं, चहा दिला, मग नकार दिला.

"काका, तीन वर्षांत तुमची एकही तक्रार नाही. तुम्ही तर आमचे समाधानी ग्राहक."

पुरावा म्हणून त्याने कोमलच्या शेवटच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. "दहा लिव, पोरी," तुळशीरामचा आवाज आला. निनाद समाधानाने हसला आणि त्या नादात ते बंद करायचं राहून गेलं.

"तिसऱ्या गिअरला कन्हतंय, पन ते नको लिवू. तुना उगाच बोलनी बसतील."

फोनची तारीख वॉरंटीच्या आतली होती. मी ती निनादला दोनदा मोठ्याने वाचायला लावली.

चार दिवसांनी कंपनीला पाझर फुटला. गिअरबॉक्स फुकट बदलून मिळणार होता, फक्त एका कागदावर सही हवी होती. वाहनात कोणताही दोष नव्हता, कंपनी केवळ सदिच्छेपोटी मदत करीत आहे, असं त्यात होतं.

"दोष नवता, तं बदलताव कशाला?" तुळशीरामने विचारलं.

"सदिच्छा, काका," निनाद म्हणाला.

मी तुळशीरामचा हात धरला. "सही करू नकोस. ग्राहक मंचात जाऊ."

"किती दिस लागतील, भाऊ?"

"दोनेक वर्षं."

"मालूच्या जाग्यावर ती बाई उद्या पन बसंल," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

मला निनादचा राग आला, तुळशीरामचा आला. घरी येऊन अर्जाची प्रत काढली, तेव्हा माझाच आला. त्यात 'नम्र विनंती' तीनदा होती आणि 'दोष' हा शब्द मी एकदाही लिहिला नव्हता.