सायीच्या रंगाची अंडी

एका सकाळी भाऊजींचा फोन आला. "तुही ताई गेली," एवढंच बोलले. मागे कोंबड्यांचा कलकलाट चालूच होता... काही आठवड्यांत माणूस सावरतं म्हणतात. मी अजून सावरलेलो नाही.

ताई लग्न होऊन मोताळ्याला गेली तेव्हा आईनं डोणगावच्या आमच्या कोंबडीची पिलं टोपलीत घालून तिच्यासोबत दिली. त्या वाणाची अंडी लहानशी, सायीच्या रंगाची. दाणा बदलला की अंड्याचा रंग बदलत असेल, असं मला वाटायचं. ताई हसायची. दाण्यानं फार तर बलक पिवळाजर्द होतो, कवचाचा रंग मात्र कोंबडीच्या रक्तातलाच, असं सांगायची. नव्यानं अंड्यावर आलेली कोंबडी लहान अंडं घालते, वयाबरोबर ते मोठं होतं. आईच्या वाणाचं अंडं मात्र वाढून वाढून किती वाढणार...

बाजारात हेच नडलं. गावरान अंडं म्हणजे तपकिरी, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं. तिची अंडी पाहून, "बाई, हे तं कंपनीचं हाय," म्हणत लोक ती पोल्ट्रीची पांढरी अंडी समजून पुढे जायचे. सांगून सांगून ती थकली. शेवटी तिनं सुधारित जातीच्या कोंबड्या आणल्या. त्यांची मोठी तपकिरी अंडी ती आईच्या वाणाच्या कोंबड्यांखाली उबवायला ठेवू लागली आणि फिक्की अंडी घरात खाण्यात जाऊ लागली. नव्या कोंबड्या अंडं घालून उठून जात, खुडूक होऊन अंडी उबवायला बसत नसत. जुन्या बसत होत्या तोवर हे कुणाला जाणवलं नाही. एक-एक करून त्या म्हाताऱ्या झाल्या, मेल्या. शेवटची मुंगसानं नेली, तेव्हा तिचं एकही पिलू मागे नव्हतं.

"आईचं वाण म्या खाऊन टाकलं, बापू," ताई म्हणाली. ती आधीच अंथरुणाला खिळलेली होती. तिच्यासाठी त्या वाणाची कोंबडी शोधत मी डोणगावात घरोघरी फिरलो. तिथेही सगळीकडे तपकिरीच अंडी. परत येऊन सांगितलं, तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. वाण घालवल्याबद्दल मला तिचा फार राग आला, आणि त्या गिऱ्हाइकांचा त्याहून जास्त.

परवा मोताळ्याला गेलो तर भाऊजींनी अंड्यांची पिशवी हातात दिली. "घेऊन जाय बापू. ठेवून काय करू? अंड्यावर बसाले कोणीच नाही."

घरी येऊन पिशवी उघडली. सगळी अंडी मोठी, तपकिरी, एकसारखी. मोताळ्याच्या बाजारात एकाही गिऱ्हाइकानं नावं ठेवली नसती.