अंगणातला पर्जन्यमापक

पावणे गावच्या रामचंद्रनं बावीस वर्षं डोंगर खाली वाहून नेला. खाणीतला दगड डंपरमध्ये भरायचा आणि खारघर, सानपाड्याच्या नव्या इमारतींच्या पायात नेऊन ओतायचा. बापाची शेती कारखान्यांत गेलेली, त्यामुळे स्टिअरिंगशिवाय हाताला दुसरं काही ठाऊक नव्हतं. खाणी बंद पडल्यावर दोन वर्षं घरी बसला. मग एका संशोधन संस्थेला जड गाडी चालवणारा माणूस हवा होता, कंत्राटावर. तिथं तो लागला.

गाडी म्हणजे ट्रकच, फक्त पाठीवर रडारची भलीमोठी पांढरी थाळी. ती गरगर फिरत ढगांत लहरी सोडायची. थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरींवरून पाऊस कुठं, किती, वारा कुठून कुठं, ते आतल्या स्क्रीनवर रंगांत उमटायचं. समुद्रावरचा वारा डोंगराला अडून वर चढतो तेव्हा पाऊस कधी अलीकडं कोसळतो, कधी पलीकडं. ते कशावर ठरतं याचा अभ्यास चालला होता. पावसाळाभर गाडी खारघरच्या डोंगरावर उभी. गाडी जराही कललेली चालत नसे आणि रामचंद्र ती अशी उभी करायचा की प्रमुख शास्त्रज्ञ उदयसिंह खूश व्हायचे. पहिल्याच पावसाळ्यात तो रंगही वाचायला शिकला. हिरवा म्हणजे रिपरिप, लाल म्हणजे मुसळधार. जांभळा म्हणजे ढगफुटी; तो त्यानं दोनदाच पाहिला होता.

रडारला दिसलेला पाऊस जमिनीवर खरंच किती पडला, हे ताडून बघायला डोंगरापलीकडं पर्जन्यमापक बसवायचा होता.

"माज्या बहिनीचं अंगन हाय ना सर," रामचंद्र मोठ्या ऐटीत म्हणाला.

बहीण गंगू. त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, ओढ्याकाठच्या वाडीत दिलेली. तिच्या अंगणात ते यंत्र बसलं. दर मिनिटाचा आकडा तिथून मोबाइल नेटवर्कवरून गाडीत यायचा. कोंबड्या वर चढू नयेत म्हणून गंगूनं भोवती काट्या रोवल्या. पाला अडकला की त्याच्या तोंडावरची जाळी काढून पुसायची. दिवसाआड फोन करून विचारायची, "माजा डबा नीट चाललाय का, विचार तुज्या सायबाला."

जुलैच्या अखेरीस एका दुपारी वारा एकाएकी वळला आणि एक ढग गंगूच्या वाडीवर येऊन थांबला. पुढं सरकेचना. पाऊण तासात स्क्रीनवर लाल रंगाच्या पोटात जांभळा फुटला.

"तीन वर्षं याचीच वाट बघतोय मी," उदयसिंह खुर्चीवरून अर्धे उठले. मग त्यांचा चेहरा पडला. "आकडा शून्य? एवढ्या पावसात शून्य? जाळी तुंबली. रामचंद्र, बहिणीला फोन लाव."

शेजारी बसलेली श्रुती, त्यांची सहायक, हळूच म्हणाली, "सर, तिथं पाणी खूप वाढलं असेल."

"दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर या ढगाची सगळी नोंद वाया."

रामचंद्रनं फोन लावला. पलीकडून पावसाचाच आवाज जास्त येत होता.

"दादा, ओढा येगलाच वाजतोय. आमी शालेकडं निगालोय. हे सासूला घेऊन फुडं गेले."

रामचंद्रसमोर जांभळा रंग होता. तो काय सांगतो, हे त्याला कळत होतं. उदयसिंह त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"जाळी तेवडी साफ कर," तो म्हणाला, "मग जा."

"आता?"

"दोन मिनटांचं काम हाय, गंगू."

ती म्हणाली, "बरं."

चार एकवीसला आकडे यायला लागले. उदयसिंहांनी रामचंद्रच्या पाठीवर थाप मारली. "बहीण चोख हं तुझी!" चार सव्वीसला आकडे बंद पडले. नेटवर्क गेलं असेल, असं सगळेच म्हणाले. रामचंद्रनं फोन लावला, परत लावला, आणि लावतच राहिला.

गंगू तिसऱ्या दिवशी खाली पुलाच्या कमानीत सापडली. वाडीतलं दुसरं कुणी गेलं नाही. सगळे शाळेत पोचले होते.

संस्थेत त्या दुपारचं फार कौतुक झालं. डोंगरावर एका जागी खिळलेला ढग पहिल्या थेंबापासून कुणी असा पकडला नव्हता, आणि ते पाच मिनिटांचे आकडे रडारशी तंतोतंत जुळले. श्रुतीनं महिनाभरात नोकरी सोडली. रामचंद्रचं कंत्राट आणखी तीन वर्षांसाठी वाढलं. उदयसिंहांनी स्वतः कागद हातात दिला. "बहिणीचं ऐकून वाईट वाटलं," ते म्हणाले, आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी कुठं उभी करायची ते नकाशावर दाखवू लागले. रामचंद्रनं सही केली.

त्याआधी, गंगूच्या दहाव्याला, तो वाडीवर गेला होता. गंगूचा नवरा शिवराम शाळेच्या ओसरीवर बसला होता.

"मी आईला पाठीवर घेऊन फुडं व्हतो," शिवराम म्हणाला. "ही मागनं येतच व्हती. वलून बगतो तं नाय. कशाला परत गेली आसंल? शेवटचा फोन तुजाच व्हता, दादा. काय बोलली ती?"

रामचंद्र म्हणाला, "काय नाय. पानी वाडलंय म्हनाली."

"मंग तू काय बोललास?"

"बोललो, नीग लवकर."

शिवरामनं मान खाली घातली. "तुजं पन नाय आयकलं म्हनजे."

बाजूला शेजारची राजाबाई बसली होती. ती उसासा टाकून म्हणाली, "भांड्यागिंड्यासाटी गेली आसंल परत. हट्टीच व्हती."

सगळे रामचंद्रकडं बघू लागले. लहानपणापासून तिला ओळखणारा तोच एक होता.

"व्हती हट्टी," तो म्हणाला.

वाडीत आता ओढा फुगला की बाया पोरींना बजावतात: घरातून एकदा निघालात की मागं वळू नका, गंगूसारखा हट्ट करू नका.