करंट संपत नसतो, गाढवा

माझ्या बायकोच्या मावशीइतका विजेचा कैवार घेणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा सापडायचा नाही. त्यांच्या हातच्या आमटीला कुणी नावं ठेवली तरी त्या ऐकून घेतील, त्यांच्या दिवंगत नवऱ्याबद्दल कुणी चार वाकडे शब्द बोललं तर त्यात स्वतःचे दोन घालतील, पण विजेबद्दल कुणी काही चुकीचं बोललं की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहते. मुलांना वर्षानुवर्षं विज्ञान शिकवून त्या शाळेतून निवृत्त झाल्या. शाळेने त्यांना सोडलं, त्यांनी मात्र वर्ग सोडला नाही. आता जो समोर सापडेल तो विद्यार्थी, आणि बहुतेक वेळा नापास.

मी नापास झालो तो मुलगी बघायला गेलो त्या दिवशी. पोहे खाता खाता सासरे टॉर्च खटखटवत होते, तो लागेना. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "सेलमधला करंट संपला असेल." कोपऱ्यात बसलेल्या मावशींनी बशी खाली ठेवली. "सेलमध्ये करंट भरलेला असतो असं कुणी सांगितलं तुला? करंट म्हणजे चार्जचं वाहणं. तारेतल्या एका जागेवरून सेकंदाला किती चार्ज पुढे गेला, तो करंट. वाहणं डब्यात भरून ठेवता येतं का?" एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी पिशवीतून सेल, बल्ब, तारा आणि करंट मोजायचे दोन मीटर काढले. लग्नाच्या बोलणीला माणसं पेढे घेऊन येतात, ह्या मीटर घेऊन आल्या होत्या. एक मीटर बल्बच्या अलीकडे जोडला, एक पलीकडे. दोन्ही काटे एकाच आकड्यावर. "बल्बने करंट खाल्ला?" "नाही," मी म्हणालो. "मग काय खाल्लं?" मी कॉमर्सवाला, पोह्यांकडे बघत राहिलो. "एनर्जी, गाढवा. चार्ज जितका गेला तितकाच परत आला. करंट संपत नसतो." परतताना आईने एवढंच विचारलं, "त्या बाई नेहमी तिथेच असतात का रे?" नव्हत्या. पण आठवड्यापूर्वीच त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आल्या होत्या, हे दोन्ही घरांना त्याच दिवशी कळलं.

त्यांचं भांडण कुणाशी झालं नाही ते विचारा. विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याकडे बघून एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "ह्यांचे पाय रबरासारखे असतात, म्हणून शॉक लागत नाही." मावशींनी भररस्त्यात त्यांना थांबवलं. "दोन्ही पाय एकाच तारेवर आहेत त्याचे. चार्जला तार सोडून कावळ्यातून जायचं कारणच काय? वाट पूर्ण झाल्याशिवाय काही वाहत नाही. रबर म्हणे." एका शोकसभेत तर एक वक्ते भरल्या गळ्याने म्हणाले, की करंट संपावा आणि दिवा विझावा तसे ते गेले. मावशी मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुठेतरी सर्किट तुटलं म्हणा." गेलेल्यांच्या मुलानेच मान डोलावली, म्हणून निभावलं.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण त्या चिडण्याला किती अर्थ होता, ते आमच्या सोसायटीच्या गेटने दाखवलं.

कमिटीला बिल्डिंग सुंदर करायची हुक्की आली. जुनं लोखंडी गेट रंगवलं, दोन्ही बाजूंना पितळी दिवे बसवले, त्यांच्या तारा गेटच्याच नळीतून नेल्या. आठवड्याभरात गेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायला लागल्या. मावशींनी सेक्रेटरीला सांगितलं. हा सेक्रेटरी त्यांचाच जुना विद्यार्थी, आता एका कंपनीत मोठा मॅनेजर. तो म्हणाला, "बाई, नवीन आहे ना, होतं थोडंफार. मला तर काहीच लागत नाही." मावशींनी पुन्हा सांगितलं. मग घराघरात जाऊन सांगितलं. "म्हातारीला विषयच पाहिजे असतो," असं आमच्याच मजल्यावर कुणीतरी म्हणालं.

मग एका सकाळी कंपाउंड धुतलं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुनंदाताईंची चप्पल वाटेत तुटली, ती हातात घेऊन त्या अनवाणी आल्या आणि त्यांनी गेट ढकललं. फेकल्यासारख्या मागे पडल्या. कोपर फुटलं. हात गेटला चिकटला नाही, हे नशीब.

सेक्रेटरी खाली आला आणि म्हणाला, "उपाशी येतात ही माणसं, चक्कर आली असेल."

मी मावशींना लग्नाआधीपासून चिडलेलं पाहिलं होतं, पण तसं कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही. त्यांनी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणून गेटसमोर मांडली आणि कुणालाही हात लावू देईनात. बाहेरचे बाहेर, आतले आत. ऑफिसला निघालेली माणसं ओरडायला लागली. सेक्रेटरी पुढे आला, गेटवर हात ठेवून म्हणाला, "हे बघा, काही होतंय का?"

"बूट काढ," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"बूट काढ, मोजे काढ, ह्या ओल्या फरशीवर उभा राहा आणि मग हात लाव. तुझ्या बुटाने वाट तोडली आहे म्हणून तू बोलतोयस. तिची वाट पूर्ण झाली. हातातून, अंगातून, जमिनीत."

सगळे त्याच्या बुटांकडे बघायला लागले. तो वाकलासुद्धा. लेसपर्यंत हात गेला आणि तिथेच थांबला. मग तो सरळ झाला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "मेन स्विच बंद करा."

वायरमनने नळी उघडली. बिजागरीत चेपून तारेचं वेष्टण फाटलं होतं आणि उघडी तार लोखंडाला टेकली होती. लोखंडात आलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी तार जोडलीच नव्हती. कंत्राटदाराने ती गुंडाळून आत खुपसली होती, कारण बाहेर दिसली की वाईट दिसते.

संध्याकाळी मी मावशींकडे बसलो होतो, तेव्हा सेक्रेटरी आला. मला वाटलं, आता त्याची सालटी निघणार. तो म्हणाला, "बाई, अर्थिंग मला पुन्हा सांगाल?"

"तुला ह्या धड्यात पैकीच्या पैकी होते. मीच दिले होते."

"पाठ केलं होतं, बाई."

 मावशींनी कागद घेतला, त्यावर गेट काढलं, दिवा काढला, उभा माणूस काढला आणि सावकाश समजावत राहिल्या. एकदाही गाढव म्हणाल्या नाहीत. जाताना त्याने विचारलं, सुनंदाताईंच्या घरी जाऊन माफी मागितली तर चालेल का. मावशी म्हणाल्या, "चालेल का काय विचारतोस, जा."

तो गेल्यावर त्या कागदाची घडी घालत बसल्या.

"परीक्षा जवळ आली की हा धडा मी फळ्यावर लिहून द्यायचे रे," त्या म्हणाल्या. "उतरवून घ्या म्हणायचे. पोर्शन संपवायचा असायचा. आणि मग जन्मभर ह्यांच्यावर चिडत बसले." त्यांनी विचारलं, "अशी किती जणं बाहेर गेली असतील माझ्या हाताखालून?"

 बाहेर लोकांची ये-जा चालू होती, वीज तोडलेलं गेट सताड उघडं होतं. मावशी उठल्या, पदर सारखा केला. "चल, सुनंदाकडे जाऊन येऊ. कोपर सुजलं असेल तिचं." दारापुढच्या दोन पायऱ्या उतरताना मी हात पुढे केला. एरवी त्या झिडकारतात. त्या दिवशी धरला, आणि रिक्षा मिळेपर्यंत सोडला नाही.